कन्सिडरेबल इनकन्व्हीनियन्स

३ जून

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद, आणि एक विनंती. ती विशेष असल्याने शेवटी.

तुझ्या आईचा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे मी ठीक, म्हणजे मूर्ख. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई आठवतात ना? माझ्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला ढिला होतो. खरं सांगायचं तर मीच करतो. त्या घट्ट करून देतात, आम्ही चार गप्पा मारतो, त्याही इंग्रजीत, कारण त्यांना मराठी येत नाही. आता त्या दुकान विकून महिनाअखेर बहिणीच्या गावी चालल्यात, कायमच्या. ऐकलं आणि जेवणच जाईना.

बोलायची हिंमत नव्हती, म्हणून चिठ्ठी दिली. जन्मभर विमा कंपनीत पत्रांचे मसुदे केले. साधा शब्द हाताला लागतोय कुठे? लिहिलं की आपल्या डिपार्चरमुळे मला कन्सिडरेबल इनकन्व्हीनियन्स होईल. लगेच उत्तर आलं, की त्याबद्दल त्या दिलगीर आहेत आणि नवे मालक जुन्या गिऱ्हाइकांचे स्क्रू फुकट घट्ट करून देतील.

तू शाळेत इंग्रजी शिकवतेस. कुठला शब्द घालू ते कळव. आईला अवाक्षर सांगू नकोस. लोभ आहेच, जरा दयाही असू दे.

तुझा मामा

९ जून

ती. मामास,

साष्टांग नमस्कार घालायला वाकले, ती हसून हसून उठताच येईना.

अरे मामा, डिपार्चर विमानाचं होतं! इनकन्व्हीनियन्स नळाला पाणी नसलं की होतो. तुला म्हणायचंय ‘मिस’. आय विल मिस यू, बस्स. तू म्हणशील, बस चुकल्यासारखं वाटतं. वाटू दे. शब्दकोशात अर्थ जवळपास एकच दिसला, तरी एक शब्द कोट घालून येतो, दुसरा घरच्या कपड्यांत. तू घरच्या कपड्यांतला घे.

आईला मी काही सांगितलं नाही, तिला आधीच ठाऊक होतं. म्हणाली, मामी गेल्यापासून भिंतींशीच बोलतोय तो. मामा, त्या खरंच निघून जातील रे. चिठ्ठीबिठ्ठी नको, समोर जाऊन बोल.

हसून दमलेली, पण मनातून काळजीत असलेली,
चिमणी

२ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद.

आरशासमोर घोकून गेलो होतो. दुकानात खोकी बांधून तयार. तोंड उघडलं आणि सगळं इंग्रजी पळालं. बाहेर पडलं ते मराठीत, की तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही. त्यांनी अर्थ विचारला. झाली का पंचाईत! बोअर म्हणावं तर अपमान, लोनली म्हणावं तर रडगाणं. शेवटी सांगितलं, की पंखा चालू असतो, जेवण गरम असतं, सगळं जागच्या जागी असतं आणि कशातच लक्ष लागत नाही. त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. आणि गेल्या. मी शहाणा, त्यांची खोकी गाडीत चढवून आलो.

काल त्यांचा फोन आला. नाव नाही, गाव नाही, पहिलंच वाक्य मराठीत, की मला करमतो नाही.

यावर माझं उत्तर काय असावं? नोटेड विथ थँक्स! चिमणे, कपाळ बडवून घेतलं. पण पलीकडे असं काही हसू फुटलं की मीही हसलो, आणि मग रडलोच गं. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. ते ‘करमतो’ मी दुरुस्त करणार नाही.

लोभ आजवर एकट्यावर होता. आता दोघांवर असावा.

मामा