देवमाशाची ओटी

जयगड

सौ. दर्शनाविहीणबाईंना संध्याचा वाकून नमस्कार. (मुलीकडची बाजू, वाकावंच लागतं, त्यात माझी कंबर अशी की वाकले की तशीच राहते.) देवरूखला सगळे ठीक असाल. गुडघ्यांना तेल लावताय ना? जावईबापू मितेशराव वेळेवर जेवतात ना? फोन केला असता, पण फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून ठेवून देता. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. तेजलच्या बाळंतपणाबद्दल मी यात एक अक्षर लिहिणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत तुम्हाला ठाऊक आहे, पुढच्या महिन्यात दिवस भरतात हेही ठाऊक आहे, तेव्हा तो विषय संपला. हे पत्र देवमाशाबद्दल आहे.

त्याचं झालं असं, आमच्या शाळेत योगिनी मॅडम म्हणून एक मुलगी समुद्रातल्या जिवांची माहिती सांगायला आली होती. मी गेले, कारण संध्याकाळी घरात भिंतीशी तरी किती बोलणार? तेजलचे बाबा गेले, तेजल तुमच्याकडे आली, आणि माझा हात अजून तिघांचाच भात टाकतो. तर निळा देवमासा म्हणजे जगातला सगळ्यात मोठा जीव. त्याची नुसती जीभ हत्तीच्या वजनाची. (आमच्या वाडीतही अशा एक-दोघी आहेत, नावं नकोत.) आणि एवढा देह पोसतो कशावर? जवळ्यावर! अगदी आपला जवळा नव्हे, त्याच्या भावकीतला, पण तेवढाच. त्याला दिवसाला टनांनी लागतो, मला वाटीभर. बाकी राहणी आमची सारखीच, बहुतेक वेळ एकट्याने. दुसरे देवमासे म्हणे थंड समुद्राकडे ये-जा करतात, आपल्या बाजूचे मात्र इथलं पाणी सोडून जात नाहीत. आमच्या वाडीतली पोरं हे ऐकून चुळबुळायला लागली, सगळ्यांना मुंबईला जायचंय.

त्याची आई तर बघण्यासारखी. जवळजवळ वर्षभर पोटात वाढवते, पिल्लू जन्मतानाच होडीएवढं, रोज दोनशे लिटर दूध पितं, आणि हे सगळं ती एकटी निभावते. घरात दुसरं माणूस नाही म्हणून तिचं काही अडत नाही. (हे मी सहज लिहिलं.) सहा-सात महिन्यांनी दूध तुटतं आणि पिल्लू आपल्या वाटेने जातं. आई तक्रार करत नाही. केली तरी त्यांचा आवाज इतका खालचा असतो की माणसाला ऐकूच येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. तिथे मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर यावं लागलं.

चार दिवसांनी शेजारचा बाळा मासेमारीहून आला तो ओरडतच. देवमासा दिसला, निळा, आणि पोट हे एवढं! मी म्हटलं, पोटुशी आहे. सगळी रात्र झोप नाही. आता मी विधवा, मला ओटी भरता येत नाही. तेजलच्या डोहाळजेवणात तुमच्याकडे मी आत पुऱ्या तळत बसले होते, लेकीची ओटी कुणी कुणी भरली ते आवाजावरून ओळखत. (पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या, तुम्हीच म्हणालात.) पण समुद्रात कोण बघायला येतंय? नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि हिरवा खण सुपात घेतला आणि बाळाच्या बोटीत जाऊन बसले. तो म्हणाला, "काकी, ता मासा हाय गो, तुजी लेक नाय." मी म्हटलं, तू इंजिन बघ.

दिसली की हो! बोटीच्या तिप्पट लांब. बाळाने लांबूनच इंजिन बंद केलं. मी पदर खोचून उभी राहिले, तांदळाची ओंजळ उचलली, आणि तिने जो फवारा सोडला तो माडाच्या उंचीचा! वारा आमच्याकडेच. सूप उलटलं, कुंकू बाळाच्या डोक्यावर, खण त्याच्या तोंडावर, नारळ त्याच्या पायावर. ओटी भरली म्हणाल तर बाळाची. मग शेपटी वर आली आणि ती खाली गेली. मला रडू आलं, ते खाऱ्या पाण्यात खपून गेलं. कळावे.

तुमची,
संध्या

ता. क. बाळाच्या मोबाईलवरचा फोटो योगिनी मॅडमना दाखवला. पोटुशी असल्याचं यावरून काही कळत नाही, म्हणाल्या. ती जेवत होती. गळ्याखालच्या वळ्या फुगवून पाण्यासकट घास घेतात, म्हणून तेवढं दिसतं. म्हणजे मी जेवणाऱ्या बाईला उठवलं.

आणखी एक. तुम्ही तेजलला पाठवत नाही, असं मी वाडीत सांगितलंय, ते तुमच्या कानावर येईलच. राग मानू नका. मला तेजलनेच सांगितलं, की आई, मी इथेच बरी आहे. लेकीलाच यायचं नाही, हे मला लोकांपुढे बोलवेना.

आणि शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. लेकीच्या सासरी आईने राहायचं नसतं, माहीत आहे. पण पुढच्या महिन्यात मी आले तर चालेल का? मागच्या पडवीत झोपेन, चूल माझ्याकडे द्या, दवाखान्यात तुम्हीच जा. तिला कळा सुरू होतील तेव्हा मला फक्त त्याच गावात असू द्या.