हिरवी खूण

मंगळवार, नारळी पौर्णिमेनंतरचा. दिवेलागण.

दुपारी काशीकाकी माझ्या सेवा केंद्रात आली, मोबाईल पुढे धरून. "तुजा मेसेज आलाय. वारा सुटनार हाय, होड्या परत आणा, असा. आता दर्यात जाऊन त्यांना कोन सांगनार?"

मी स्क्रीनवर तिच्या नवऱ्याचं, धर्माकाकांचं नाव काढलं. पुढे हिरवी खूण. संदेश पोचला.

हवामानाचे इशारे पाठवायच्या यादीत कोळीवाड्यातली सगळी नावं मीच भरली, घरोघरी जाऊन. जो तो घरातल्या फोनचा नंबर देत गेला, म्हणजे बायकोकडे असतो तो. खाऱ्या पाण्याने फोन खराब होतो म्हणून छोट्या होडीवर कोणी नेतच नाही. मला हे माहीत नव्हतं का? इथेच तर वाढले. पण फॉर्ममध्ये नंबर मागितला होता, मी भरला, आणि यादी पूर्ण झाली म्हणून खूश.

मग तासभर आम्ही दोघी बंदरावर उभ्या. तिला काय सांगायचं, की यादीत तर सगळं बरोबर आहे?

वारा सुटायच्या आत धर्माकाका आले. ढग बघून आपणच मागे फिरले होते. काकीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. ओले हात लांब ठेवून त्यांनी मेसेज शेवटपर्यंत वाचला आणि मला म्हणाले, "बरोबर व्हता गो तुजा मेसेज."

किती मायेने म्हणाले. तेव्हापासून ती हिरवी खूण मला बघवत नाही.