नळीवरचा काटा

३ जानेवारी
विडी नाही, तंबाखू नाही — आणि फुप्फुसं म्हणे विडी ओढणाऱ्यासारखी! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चुलीपुढे किती वर्षं?" बोटं मोजली. चाळीस. "धुरानं जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळा." एक नळी दिली. रोज सकाळी जोरात फुंकायचं, काटा कुठे थांबतो ते लिहायचं. माझा २२०. माझ्या वयाला साडेतीनशे हवा. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

४ जानेवारी
चूल सुनेकडे सोपवली. घरात गॅस आहे, पण तो पाहुणे आले की लावायचा — ही माझीच शिस्त. रोजच्या जेवणाला चुलीची चव गॅसवर येते का! मुलगा म्हणाला, "सुटलीस बाई एकदाची."

९ जानेवारी
२१०. सुटले कसली! चुलीपासून उठले आणि दारात ठाण मांडलं. तिथून तोंडाचा पट्टा सुरूच — "जाळ कमी कर, ओलं लाकूड कशाला घातलंस?" धूर दारातूनच बाहेर पडतो, हे मला कळू नये? उद्यापासून अंगणात बसणार.

१५ जानेवारी
२३०! अंगणाचा गुण आला.

१८ जानेवारी
सून पाण्याची कळशी मध्येच खाली टेकवते. खोकते. काल जिन्यात थांबली. म्हटलं, "माझी नक्कल करतेस काय गं?" नुसती हसली. डोकंच फिरलं माझं. सव्वीस वर्षांची धडधाकट बाई!

२१ जानेवारी
आज नळी तिच्या हातात दिली. म्हटलं, फुंक बघू, नाटकं उघडी पडतील. १९०. "नीट फुंक गं!" पुन्हा १९०. तिसऱ्यांदा १८०, आणि खोकल्याची उबळ थांबेना. नळीसोबतच्या कागदावर पाहिलं — तिच्या वयाला सव्वाचारशे हवा.
माहेरीही चूल तिच्याकडेच होती. आठव्या वर्षापासून.
"बोलली का नाहीस?"
"तुम्ही आजारी होता ना, आई."
स्वतःचा श्वास वाचवायला मी कुणाला तिथे बसवलं! लाज वाटते.

२२ जानेवारी
नळी फुंकली नाही. सकाळीच पहार घेतली आणि चूल फोडली. धाप लागून चारदा खाली बसले. ती धावत आली — "आई, द्या इकडे, मी करते."
दिली नाही.