कुटुंबाजोगी बोट

४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं शिडं शिवण्याचं वर्कशॉप जोरात चालू असेल आणि सुया बोटांत न घुसता कापडातच घुसत असतील, अशी आशा आहे.

काम असं की, तुमच्या बंदरावर एक शिडाची बोट विकायला आहे. पांढरी, निळ्या पट्ट्याची. एकाच साच्यातून शेकड्यांनी निघतात, त्यातलीच एक. वळून बघावं असं रूप नाही, पण मला रूप नकोच आहे. किनाऱ्याकिनाऱ्यानं कुटुंबासकट चार-आठ दिवस हिंडता येईल का, एवढंच विचारायचंय. माझा जन्म लिफ्टा तपासण्यात गेला. वर-खाली जाणाऱ्या वस्तूंतलं मला कळतं, पुढे जाणाऱ्यांतलं नाही. म्हणून तू बघ. मुलं आपापल्या संसारात आहेत, तेव्हा कुटुंब म्हणजे तुझी ताईच. तिला झेपणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, भीड ठेवू नकोस. मला मुळीच वाईट वाटणार नाही.

तिच्याकडे मात्र इतक्यात काही बोलू नकोस. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
भावोजी

६ मार्च

लाडक्या धाकटीस,

अनेक आशीर्वाद. हे बोट बघतायत ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे यांना ठाऊक नाही. तेव्हा हे पत्र वाचून फाडून टाक.

रिटायर झाल्यापासून तपासायला लिफ्ट उरली नाही, म्हणून हे मला तपासतात. काल डब्यांची झाकणं घट्ट बसतात का, ते पाहिलं. परवा मी जिना उतरताना कठड्याला हात लावत नाही, यावर भाषण झालं. भांडण नाही गं. माणूस सोन्यासारखा आहे, पण सोनं चोवीस तास अंगावर घालून कोण बसतं?

तर तुला विचारतीलच. बोट कशीही असो, बुडणारी नसली म्हणजे झालं, उत्तम आहे असं लिहून टाक. हे पाण्यावर, मी घरात, दोघंही सुखात. सख्ख्या बहिणीसाठी एवढं करशील ना?

पोरींना गोड पापा. तुझ्यावर जीव टाकणारी,
ताई

१९ मार्च

ति. भावोजींस,

सा. न. वि. वि. बोट पाहिली. मालकाला बरोबर घेऊन बंदराबाहेर चक्करही मारली.

शर्यतीत हिचा नंबर कितवा येईल ते विचारू नका. समोरून वारा आला की शाळेला निघालेल्या पोरासारखी पाय घासते. पण सगळे दोर बसल्या जागी हाताशी येतात, शीड चढवायला डोलकाठीपर्यंत धावावं लागत नाही, म्हणून एकट्या माणसालाही आवरते. तळ उथळ आहे, त्यामुळे हवा बिघडली तर लहानशा खाडीतही आसऱ्याला शिरता येईल. आत ताठ उभं राहून चहा करता येतो. मागच्या बिछान्यावरून उठताना मात्र कपाळमोक्ष ठरलेला. पाण्याची टाकी छोटी आहे, आंघोळीचे लाड होणार नाहीत. इंजिन म्हातारं पण शहाणं. शिडं थकली आहेत, ती मी नवी शिवून देईन.

समुद्र ओलांडायचा बेत असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. पण दिवसा किनाऱ्यानं जायचं आणि संध्याकाळी नांगर टाकून निवांत बसायचं, एवढ्यासाठी दोन माणसांना अगदी जोगी आहे. ताईलाही झेपेल. घ्याच.

मेहुणीवर लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

आशीर्वाद द्यायचे की नाही, याचा विचार चालू आहे. तुला बोट चांगली आहे म्हणून लिहायला सांगितलं होतं. ‘ताईलाही झेपेल’ हे वाक्य कुणी मागितलं होतं? यांनी तुझं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं, घडी घातली, आणि पडलेल्या आवाजात म्हणाले की, चला, मग दोघंच जाऊ. मी वा वा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तेही वा वा म्हणाले. मग माझ्यासाठी रबरी तळाचे बूट आणि एक उशी आणली. आता माघार घेतली तर यांचं मन मोडेल.

बोट आमच्या धक्क्याला आली. पुढच्या आठवड्यात निघायचं. तू खरं लिहिलंस हे मला समजतं. पण बहिणीनं जरा खोटं लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

तरीही तुझीच,
ताई

२० एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप आहोत हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तुझ्या त्या उथळ तळाच्या कौतुकावर भरवसा ठेवून दुसऱ्या दिवशी एका खाडीत शिरलो. ओहोटी लागलेली. सुकाणू माझ्या हातात, आणि हे पुढे काठीनं पाणी मोजत होते. माझ्याकडे तोंड करून ओरडले, डावीकडे घे. मी माझ्या डावीकडे घेतलं. त्यांची डावी उलटी होती. बोट चिखलात रुतली, पाणी निघून गेलं, आणि ती हळूहळू अशी कलंडली की माझे पाय सटकले. यांनी माझा दंड धरला तो दुसऱ्या दिवशीही निळा होता. आपण उलटणार, असंच मला वाटलं. यांचा चेहरा पांढराफटक. पण एका अंगावर टेकून ती थांबली.

मग भरती येईपर्यंत बसून राहणं आलं. यांनी दोर तपासले, खिडक्या तपासल्या, नंतर तपासायलाही काही उरलं नाही. तेव्हा चिखलाकडे बघत विचारलं, तुला खरंच यायचं होतं का. बोटच इतकी वाकडी झाली होती की सरळ बोलण्यावाचून गत नव्हती. मी म्हणाले, तुम्ही एकट्यानं जावं, असं मला वाटत होतं.

यांनी हातातली काठी चिखलात खुपसली आणि काढली. मला वाटलं, लागलं यांना. मग म्हणाले की, त्यांनीही बोट त्यासाठीच पाहिली होती. हे बाहेर जायला बूट घालायला लागले की मी गुणगुणायला लागते, म्हणे. ते त्यांनी ऐकलं होतं. मला घर मोकळं मिळावं, पण आपण पळतोय असं दिसू नये, म्हणून तुला ते कुटुंबाचं लिहिलं. ताईला झेपणार नाही, असंच तू लिहिशील याची खात्री होती.

मी हसत सुटले. हे हसले नाहीत. मी इतका असह्य आहे का, असं विचारलं. मी म्हणाले, असह्य नाही, अखंड आहात. यावर विचार करून म्हणाले की, लिफ्टही मधूनमधून बंद ठेवावी लागते, त्यात लिफ्टचा अपमान नसतो.

पाणी आलं, बोट उभी राहिली, आणि सुकाणू मी यांना परत दिलं नाही. मला नीट शिकव. पुढच्या महिन्यात येते.

तुझी,
ताई

१२ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू शिवलेली शिडं झकास आहेत आणि तू शिकवलेली ताई त्याहून. एका आठवड्यात बोट माझी आणि घर तिचं, पुढच्यात उलट, हे आता अंगवळणी पडलं. घर माझं असतं त्या आठवड्यात तिथे तपासायला काहीच सापडत नाही, कारण बिघडवणारा एकटा मीच असतो.

दर रविवारी धक्क्यावर बोटीचा ताबा द्यायचा-घ्यायचा, आणि जाण्याआधी बोटीतच एक चहा. शेजारच्या बोटवाल्याचा समज झालाय की आमचा काडीमोड झाला आणि वाटणीत बोट अर्धी-अर्धी आली. त्यानं परवा मला बाजूला घेऊन धीर दिला. मी आभार मानले.

गेल्या रविवारी बोट तिनं आणली होती आणि आता न्यायची पाळी माझी होती. एका चिंचोळ्या वाटेत वाऱ्याच्या तोंडावर आडवंतिडवं जात ती कशी बाहेर निघाली, ते तिनं सांगायला घेतलं. मी मधेच शंका काढली, तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एवढ्यात माझी भरती गेली आणि तिची घरी जायची शेवटची बस गेली. शेवटी धक्क्याला बांधलेल्या बोटीत दोघंही राहिलो.

असा गलथानपणा चालणार नाही, वेळ पाळलीच पाहिजे, असं आम्ही दोघांनी गंभीरपणे ठरवलंय. तुझ्या ताईनं मात्र काल बाजारातून मोठी किटली आणली.

मुलींना आशीर्वाद. आमच्यावर तुझी माया आहेच, ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझा,
भावोजी