काम्प्युटरच्या पोटातली लग्नपत्रिका

अकोट,
फेब्रुवारी २०१२

प्रिय मनकर्णा हिले आयशाबीचा सलाम अन् जयभीम, दोन्ही पावो.

तुहे गुडघे कसे आहेत? चांदूर बाजारच्या हापिसात तुले अजून वरच्याच मजल्यावर बसवतात काय? आमी सगळे खुशाल आहोत. रऊफमियाँची जिनिंग या सालीही बंदच्यासारखी आहे (कापूसच नाही तं मशीन कायच्यावर चालवतीन?), पन तब्येत बरी आहे. माही म्हनशील तं सध्या छाती अशी फुगली आहे का जुने कुडते अंगात शिरून नाही राहिले. काहून, ते सांगते. चहा घेऊन बस.

दुकानात नवा काम्प्युटर घेतला, हे तुले ठाऊकच आहे. मराठीचं काम त्याच्यावर झ्याक होते. पन माहा उर्दू छपाईचा जुना प्रोग्राम त्यानं उंबरठ्यावरूनच परत पाठवला. म्हने, एवढ्या म्हाताऱ्या पाहुन्याले अथी जागा नाही. मंग माहा दीर हसनैन अमरावतीहून आला. त्यानं जुन्या काम्प्युटरच्या आतल्याची जशीच्या तशी नक्कल केली अन् नव्याच्या पोटात ठेवली. म्हंजे नव्या पडद्यावर एक खिडकी उघडते अन् त्या खिडकीत अख्खा जुना काम्प्युटर चालू होते! याले व्हर्च्युअल मशीन म्हनतात. कामातून मोकळा झालेला जुना डबा पिंकीच्या टेबलावर, प्रिंटरच्या सेवेत. (पिंकी माह्याकडे कामाले आहे. पोरगी हुशार, पन प्रिंटरले शिव्या घालते.) हसनैन चहा पिऊन गेला, अन् दुसऱ्याच दिवशी पंजाबराव आले.

पंजाबराव म्हंजे सामूहिक विवाह समितीचे अध्यक्ष. लागोपाठ पीक बुडालं, तं गावानं ठरवलं का लग्नं एकाच मांडवात लावायची. कोनाचे मंगलाष्टक, कोनाची बुद्धवंदना, कोनाचा निकाह. जेवन मात्र सगळ्याइचं एक. पत्रिका एका बाजूनं मराठीत, दुसऱ्या बाजूनं उर्दूत. सगळ्या अकोटात हे काम करू शकते असं दुकान कोनतं? (नाव मी सांगत नाही, पाटीवर लिहिलं आहे.)

आता ऐक. समितीचा फोटो अन् नकाशा बाहेरच्या काम्प्युटरात, उर्दू मजकूर आतल्यात. दोघाइच्या मधात एक सामाईक फोल्डर ठेवता येते, जसा दोन जावांच्या खोल्यांमधातला कोनाडा. मी कोनाडा केला, फोटो ठेवला, आत जाऊन पाह्यलं तं कोनाडाच नाही. पुस्तक वाचलं. आतल्या मशीनमधी एक जोडसामान बसवा लागते, ते बसवलं. कोनाडा दिसला, पन रिकामा! पंजाबराव समोर बसलेले. म्हनाले, "बाई, फोटो गेला कुठं?"

"आतल्या मशीनमधी जाऊन राहिला."

त्याइनं टेबलाखाली वाकून पाह्यलं अन् म्हनाले, "अथी तं तुमच्या चपला आहेत."

शेवटी समजलं का 'पत्रिका', 'पत्रिका नवी' अन् 'पत्रिका नवी खरी' असे तीन फोल्डर मीच केलते. कोनाडा एकाचा, फोटो दुसऱ्यात. (हे पिंकीले कळू दिलं नाही. ती फार हसते.)

फोटो आत गेला, पत्रिका सजली. अशी सजली का पंजाबराव चष्मा पुसून पुन्हा पाहत होते. पन छापाची कशी? बाहेर आनली का उर्दूच्या मुंग्या होत. म्हून आतूनच पिंकीच्या प्रिंटरले हाक मारा लागे, अन् आतल्या मशीनची हाक बाहेर कोनाले ऐकूच येईना. त्याचं कारन मी शोधलं, मनकर्णा, कोनाले न विचारता! हसनैननं तिले नव्या सुनेसारखं ठेवलं होतं. घराच्या दारातून बाहेर पाहू शकते, पन मोहल्ल्यात तिले सोताचं नाव नाही; सारे 'रऊफची घरवाली' म्हनूनच ओळखतात. मी सेटिंग बदललं, 'ब्रिज' म्हनतात त्याले. सून डायरेक्ट रस्त्यावर, सोताच्या नावानं!

तं दोन्ही मशीन मुक्या झाल्या. पिंकी ओरडली, "आपा, माहावालाही गेला!"

पंजाबराव उठून उभे राह्यले. "बाई, मी अकोल्यावरून छापून आनतो."

अकोल्यावरून! त्या शब्दानं माह्या डोक्यातला दिवाच लागला म्हन. पडद्यावरची बारीक ओळ मी नीट वाचली: याच नावाचा दुसरा काम्प्युटर हजर आहे. अवो, आतलं मशीन हे पिंकीच्याच डब्याची नक्कल! दोघीचं नाव आयशा, दोघीचा पत्ताही एक. एका गल्लीत दोन आयशाबी असल्या तं पोस्टमन काय करीन? मी आतलीचा पत्ता बदलला, नाव बदललं, मशीन बंद करून चालू केली. अन् पिंकीच्या प्रिंटरनं घरघर करून पयली पत्रिका बाहेर टाकली, दोन्ही लिप्या, एक मात्रा इकडची तिकडे नाही. पंजाबरावनं पत्रिका कपाळाले लावली. मी फक्त एवढंच म्हनलं, "अकोल्याची गाडी गेली नसन अजून."

नवं नाव काय ठेवलं, विचार ना. 'मनकर्णा'! आता अकोटात उर्दू पत्रिका मनकर्णा छापते.

घरी सगळ्याइले सलाम सांगजो.

तुही,
आयशाबी

ता. क. : त्या पत्रिकेवर निकाहच्या यादीत एक नाव आमच्या हीनाचं आहे. सोयरीक तुले ठाऊकच आहे. हीना सोताच मले म्हनली, "अम्मी, माह्या एकटीसाठी अब्बा उधारीचा मांडव घालतीन, अन् मी त्याच्याखाली बसू?" पोरगा राजी, त्याचे मायबाप राजी. रऊफमियाँले मात्र वेगळा मांडव पाह्यजे, इज्जतीसाठी. ते दुसऱ्या कोनाचं ऐकत नाहीत, तुहं ऐकतात. म्हून दोन दिवस रजा टाकून ये.

आनखी एक : लवकर ये. बायकोनं काम्प्युटर जिंकला या खुशीत रऊफमियाँ सगळ्या पत्रिका सोताच वाटून राहिले, न वाचता. लोक गळ्यात पडून मुबारक म्हनतात, अन् त्याइले वाटते का ते काम्प्युटरचं आहे.