सातवं डोकं

प्रिय भोवऱ्या,

तुझं नवं नाव मला ठाऊक नाही, म्हणून जुन्यावरच भागवतो. डोक्यावर दोन भोवरे घेऊन जन्मलास, तेव्हा हा दोन लग्नं करणार म्हणून मावशीने केवढी चेष्टा केली होती. तू एकही केलं नाहीस. चार वर्षांपूर्वी सलूनची किल्ली खुंटीला लावून निघून गेलास आणि मग एक कार्ड आलं, तळ्याकाठच्या विहाराचं चित्र, मागे एक ओळ: आता मी इथे असतो. पत्ता नाही, काही नाही.

त्या चित्रातलं तळं ज्या सहलीत होतं, तिच्यात मी नाव घातलं. पंधरा दिवस, तीन देश, नऊ विहार. लग्नकार्यालासुद्धा कधी परगावी मुक्काम न केलेला तुझा बाप बावीस जणांच्या घोळक्यात गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडला. आईनेच पाठवलं. डॉक्टरांनी तिला महिना-दीड महिना सांगितला होता. त्याला घेऊन या, तोवर मी कुठे जात नाही, असं म्हणून तिने मावशीला उशाशी बसवून घेतलं आणि मला घराबाहेर काढलं.

बाकीचे मूर्तींपुढे हात जोडत, दरीतून धुकं वर येताना बघत, फोटो काढत. मी डोकी बघत होतो. प्रार्थनेला ओळीने बसलेल्या भिक्खूंच्या मागे उभा राहून एकेक टाळू तपासायचो. बर्फाची शिखरं, घंटा, हजार पायऱ्यांचा तो स्तूप, सगळं डोळ्यांपुढून गेलं, पण विचारशील तर धड एक सांगता येणार नाही. सहलीतल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, तुमची श्रद्धा मोठी, किती वेळ उभे राहता! काय सांगणार त्यांना, कपाळ?

तळ्याचा विहार शेवटून दुसरा. पोचलो तो नेमका पौर्णिमेचा आदला दिवस, म्हणजे तिथला डोकी करायचा दिवस. वस्तरा एका म्हाताऱ्या भिक्खूच्या हातात होता आणि तो हात थरथरत होता. दोघांना कापलं. मला बघवेना. पुढे होऊन खुणेनेच वस्तरा मागितला, त्याने हसून दिला. वाटाड्याने तेवढं बजावलं: यांचं तीन महिन्यांचं मौन चाललंय, दोन झाले, एक उरलाय. कुणाला बोलतं केलंत तर त्याला पहिल्यापासून बसावं लागेल.

सातवा तू होतास. वाळलास रे फार. डोळे मिटलेले. साबण लावला आणि बोटांखाली दोन भोवरे आले. कान दुमडला तेव्हा वाकून एवढंच म्हणायचं होतं, आई चालली, ऊठ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आईचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या कानाशी अखंड बडबडलो आणि तिथे नेमका गप्प बसलो. तुझे दोन महिने फुकट जातील म्हणून! दोन महिने, गाढवासारखा तेवढाच हिशेब केला मी. शेवटी, डोकं झालं की मारायचो ती आपली नेहमीची टपली मारली. तू उठलास, फडकं झटकलंस, दुकानातल्यासारख्या चार घड्या घालून माझ्या हातात दिलंस, हात जोडलेस आणि मागे न बघता गेलास. आधीच्या सहा जणांनी फडकं तसंच टाकलं होतं.

घरी आलो तर आई उशीला टेकून बसलेली, तुझ्यासाठी केस विंचरून घेतलेले. तिचा चेहरा बघून माझा धीर सुटला. म्हणालो, भेटला. बरा आहे. मीच त्याचं डोकं केलं. मौन सुटलं की येतो म्हणाला. ती म्हणाली, मौनात होता तर म्हणाला कसा?

मग मी खरं ते सगळं सांगितलं. भोवरे, टपली, फडक्याच्या घड्या. रडत सांगितलं. लहान मुलाचं ऐकावं तसं तिने ऐकून घेतलं आणि बरं, म्हणाली. एका खोट्यापायी सगळं खरं मातीत गेलं. नऊ दिवसांनी, मंगळवारी दुपारी, ती गेली. तू सापडलाच नाहीस, असं धरून गेली.

ये म्हणायला हे लिहीत नाही. आता येऊन काय करशील? मौन सुटेल त्याच दिवशी पत्र दोन भोवरेवाल्याच्या हातात द्यावं, अशी त्या म्हाताऱ्या भिक्खूंना विनंती मी पाकिटावर त्यांच्या भाषेत लिहून घेतली आहे. त्या दिवशी तोंडातून पहिला शब्द निघेल, तो प्रार्थनेचा नको. तळ्याकाठी उभा राहा आणि मोठ्याने सांग, आई, बाबा खरं बोलत होते, माझं डोकं त्यांनीच केलं होतं. मी रोज तिच्या रिकाम्या खाटेपाशी बसून सांगतो, पण माझ्यावरचा तिचा विश्वास उडालाय. तुझं ऐकेल.

तुझाच,
बोलायच्या वेळी न बोललेला,
बाबा