बुवाला दिलेली टाळी

मास्तर, तुमची ती एक टाळी केवढ्याला पडली ते आज मांडून टाकतो. मोटारीचं भाडं तुम्हीच दिलंत, माझंसुद्धा. जेवण माझ्या बहिणीच्या सासरी झालं. बाजरीची भाकरी, भरीत, आणि तुम्ही नगरच्या हायस्कुलातले मास्तर म्हणून तुमच्या पुढ्यात तुपाची वाटी. माझा कामावर एक खाडा पडला, तो मालकाने दोन दिवस बोलून दाखवला आणि विसरून गेला. एवढं सगळं फिटलं. राहिला बहिणीचा डावा डोळा. तो गेला.

तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी हात आठवावे लागतात. लांब बोटं, नखांच्या कडेला चित्रकलेच्या तासाचा निळा रंग, आणि तळहात असा सैल, बेफिकीर, की यात काही लपवलं असेल असं कुणाच्या मनातही येऊ नये. पहिल्यांदा आपण भेटलो ते माळीवाड्यातल्या सायकलच्या दुकानात. मी गावाकडून येऊन तिथं कामाला लागलेलो, विशी ओलांडलेली, पंक्चरच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात. तुम्ही माझ्या कानामागून एक ढब्बू पैसा काढलात. भोवतीची चार माणसं हसली. मी म्हणालो, "मास्तर, तो आधीच तुमच्या डाव्या हातात होता. अंगठीला लागला, मला ऐकू आलं." तुम्ही रागावला नाहीत. उलट सीटवर थाप मारून म्हणालात, "अरे, हे कान आहेत का काय! रविवारी ये आमच्या मंडळात." त्या एका वाक्यावर मी शहरात माणूस झालो, हे नाकारत नाही. पुढे स्वतःचं दुकान काढलं, त्याच्या शेजारी दुसरं काढलं, गिऱ्हाइकाच्या हाताकडे न बघता खांद्याकडे बघायचं हे तुमचंच शिकवणं आजवर कामाला आलं. म्हणून तर हे लिहिताना तोंड जास्त कडू होतं.

आपलं जादूगारांचं मंडळ म्हणजे कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत घड्याळवाल्या चाचांच्या दुकानावरचा माळा. महिन्याचा पहिला रविवार, दुपारची वेळ. चाचा खाली फळ्या लावून घ्यायचे, वर सतरंजी अंथरायचे, आणि खिडकीला जुनं धोतर बांधायचे, कारण समोरच्या गच्चीवरून पापड वाळत घालणाऱ्या बायका आपली विद्या चोरतील अशी वकीलसाहेबांना धास्ती. वकीलसाहेब चिटणीस, तुम्ही अध्यक्ष. बाहेर दुसरं महायुद्ध चालू, साखर रेशनवर, रॉकेलला रांगा, आणि आत वकीलसाहेब रिकाम्या टोपीतून जिलेबी काढणार. तीच एक जिलेबी, दर महिन्याला. खायची कुणी नाही, कारण दुसरी मिळणार कुठून? शेवटी शेवटी टोपीआधी जिलेबीचा वास यायचा आणि चाचा नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "वकीलसाब, अब तो इसका जनाजा निकालो!" मी पोट धरून हसायचो. मला ते सगळं फार आवडायचं, मास्तर.

नवा माणूस आला की पत्त्यांच्या कॅटवर हात ठेवून शपथ: गुपित या खोलीबाहेर जाणार नाही. आणि दुसरी रीत टाळीची. बाहेरचे लोक टाळ्या वाजवतात ते कळलं नाही म्हणून. आपल्याकडे उलटं. ज्याला खुबी कळली त्याने एकच टाळी द्यायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. टाळीचा अर्थ, पकडलं तुला, पण तुझी अब्रू माझ्यापाशी. ज्याला कळलं नाही त्याने गप्प बसायचं. मला ही रीत तेव्हा मोठी खानदानी वाटायची. आता ती आठवली की ती जिलेबी पुन्हा नाकाशी धरल्यासारखं होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, शेवगावकडच्या एका गावात दिलेली. त्या साली ज्वारीची मळणी चालली असताना तिच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं. एरवी कुणीतरी तिला नगरच्या इस्पितळात आणलं असतं. पण नेमका गावाबाहेर बाभळीखाली एक बुवा येऊन बसला होता. तो म्हणे डोळ्यातून ज्वारीचे दाणे काढायचा. कुणीतरी करणी करून घातलेले. सगळे निघाले की डोळा बरा. मला निरोप आला तसा मी तुमच्या घराच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. दाणा बोटांत लपवायचा आणि डोळ्यातून काढल्यासारखं करायचं, एवढीच ती गोष्ट. मला कळत होतं, पण माझं कोण ऐकणार? सासरच्यांच्या लेखी मी सायकली पुसणारा मेहुणा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "उद्याच जाऊ. मनगट धरून उभा करतो त्याला सगळ्यांसमोर." मी तुमच्या पाया पडलो होतो.

पेट्रोल नव्हतं म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. तुमच्या पांढऱ्या धोतरावर काजळी उडत होती, आणि वाटभर तुम्ही खिशातला पैसा बोटांवरून फिरवत होतात. मी मनात म्हणत होतो, तालीम चालली आहे.

बाभळीखाली मी आक्काच्या मागे उभा आहे. तुम्ही पुढे, तिच्या सासऱ्यांच्या शेजारी, मुद्दाम अंथरलेल्या घोंगडीवर. बुवा तरुण आहे, हसतमुख आहे. "उघड माय डोळा. भ्यायचं न्हाई." ओलं फडकं डोळ्यावरून फिरवतो, पापणी अंगठ्याने वर करतो, आत पिकल्यासारखं पिवळं, आणि त्याच्या अंगठ्याच्या नखात मातीची काळी रेघ. मग फडकं झटकतो आणि खालच्या पितळीत दाणा पडतो, टण्! मास्तर, आठवडाभर पाण्यात आणि चिपडात राहिलेला दाणा फुगतो, मऊ पडतो. पितळीत त्याचा आवाज बसका यायला हवा. हा खणखणीत वाजला, कणगीतून आत्ता उचलल्यासारखा. मी तुमच्याकडे बघितलं. तुमची मान किंचित पुढे झाली होती. ती मान मी दर महिन्याला बघत होतो. तुम्ही चोर पकडला की ती तशीच पुढे व्हायची. आता मास्तर उठणार. तुम्ही दोन्ही हात वर केलेत आणि टाळी दिलीत. एकच.

आख्खी गर्दी तुमच्याकडे वळली. आक्काच्या सासूने तिथल्या तिथे बुवाला हात जोडले. सासरे म्हणाले, "बगा, नगरच्या मास्तरांनी बी मानलं!" बुवाने तुम्हांला वाकून नमस्कार केला. मी तुमच्या कानाशी लागलो, "मास्तर, बोला की." तुम्ही तितक्याच हळू म्हणालात, "बोललो ना. टाळी दिली की त्याला."

परतीच्या मोटारीत तुमच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! "मागची दोन बोटं दुमडतसुद्धा नाही रे तो. दाणा अंगठ्याच्या बेचक्यात आणि हात सगळा उघडा! हे पकडायला तीस वर्षं तयार झालेली नजर लागते. त्या आख्ख्या गर्दीत दोघांनाच कळलं, मला आणि तुला. मला डोळ्यांनी, तुला कानांनी." मी विचारलं, "आणि आक्काचा डोळा?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "कुसळ आहे. आपोआप निघून जातं. गार पाणी मारायला सांग."

पुढच्या आठवड्यात मी एकटा गेलो आणि पंगतीत सांगितलं की बुवा लबाड आहे. आक्काची सासू काठवट सोडून उठली. "तुजा मास्तर इतून टाळी वाजवून गेला. त्यो खुळा, आन तू शाना व्हय?" दाजी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. तुम्हांला टाळी का द्यावी लागली हे सांगायचं तर त्यांना त्या माळ्यावरची रीत सांगायला हवी होती, आणि ती सांगून झाली तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "पावन्या, पकडलेल्या चोराला टाळी देत्यात व्हय रं कुटं?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला स्वतःलाच ते ऐकताना खरं वाटेना.

मग आला पहिला रविवार. मी ठरवून गेलो होतो की मंडळासमोर विषय काढायचा. पण तुम्ही आधीच सतरंजीच्या मधोमध बसला होतात, पुढ्यात पितळी, मुठीत ज्वारी. तुम्ही वकीलसाहेबांच्या डोळ्यातून दाणा काढलात. टण्! एकेकाची टाळी पडली. मग वकीलसाहेबांनी तुमच्या डोळ्यातून काढायचा प्रयत्न केला, दाणा निसटून त्यांच्या कोटाच्या बाहीत गेला, काय हशा झाला! मोठी कर्ती माणसं एकमेकांच्या पापण्या वर करत होती. कुणी म्हणालं, "उजव्या डोळ्याला हात आडवा येतो, डावाच बरा." डावाच बरा! मी उभा राहून म्हणालो, "माझी बहीण तिकडे त्या डोळ्यापायी झोपत नाही. तुमच्यातल्या एकाने चलावं, हेच तिथे करून दाखवावं, बास." वकीलसाहेब गंभीर झाले. "सभासदाची बहीण असली तरी बाहेरची ती बाहेरचीच. नियमात बसत नाही." चाचा एकटे बोलले, "अरे, जवारीचा एक दाणा हाय साहेब. त्याचं कसलं गुपित? सांगून टाका ना!" सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पितळीतले दाणे बोटाने गोळा करत होतात. म्हणालात, "कलेत भावना आणली की हात थरथरतो. बस खाली." मी बसलो नाही. जिना उतरताना वर पुन्हा टण् वाजलं, आणि टाळी.

शेवटी दाजींनीच आक्काला बैलगाडीत घालून आणलं, तेव्हा डोळ्याला दर्प येत होता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उघडली आणि बंद केली. "फूल पडलंय, नजर गेली. लागलं तेव्हाच आणायचं होतं." तुम्ही भेटायला आलात, चार मोसंबी घेऊन. खाटेपाशी बसून त्यातलं एक मोसंबं तुम्ही आक्काच्या उशीखाली गायब केलंत आणि तिच्या पदरातून काढलंत. पट्टीखालून ती हसली. म्हणाली, "मास्तर लई गमतीचं हायती." मी बाहेर जाऊन गटारीत थुंकलो. त्यानंतर मी तुमच्याशी रस्त्यात नमस्कारापुरता राहिलो. तुम्ही कधी विचारलं नाहीत, का. तुमच्या मयतीला आलो होतो. चितेपाशी वकीलसाहेबांनी मंडळाच्या वतीने एकच टाळी दिली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी घाटाच्या पायऱ्या मोजत राहिलो, तिकडे बघवेना.

एवढ्या वर्षांनी आज का लिहितो? यंदा भाऊबीजेला आक्का आली होती. ओवाळून झाल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या आणि सुपारी कातरता कातरता ती सहज म्हणाली, "त्या बुवानं दाना अंगठ्याच्या बेचक्यात धरला हुता. मला दिसला हुता ना. उजवा डोळा चांगला हुता की माझा. पार नाकासमूर." माझ्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला. "आगं, मग तवाच का बोलली न्हाईस?"

"बोलनार हुते. तेवढ्यात तुज्या मास्तरांनी टाळी दिली. म्हनलं, येवढा शिकलेला मानूस, त्येला लबाडी दिसली न्हाई, म्हंजी आपलाच दुसरा बी डोळा बिगाडला. भलतंसलतं दिसाया लागलं. दोन्ही जात्यात का काय आसं भ्या वाटलं. म्हनून तर जात राह्यले त्येच्याकडं."

मास्तर, तुम्हांला त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती तुम्हांला भोळा माणूस समजते, आणि तुमचं नाव निघालं की मोसंब्याची गंमत सांगते. हा कागदही तिला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्या घरी आता तो द्यावा असं कुणी उरलेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं आहे, तेव्हा थांबतो. तुम्ही दोघांनाच म्हणालात, पण त्या बाभळीखाली तो दाणा तिघांना कळला होता.